तिसऱ्या ओळीचा सूर

चर्च बंद व्हायच्या आधी पाळकांनी हौसेनं एक पुस्तिका छापून घेतली. गुळगुळीत कागद, वर चर्चचा फोटो आणि आत चर्चचा इतिहास. पहिली प्रत त्यांनी स्वतः घरी येऊन काकूंच्या हातात दिली. काकूंनी चष्मा लावला, पाळकांना समोरच्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचून काढलं.

चुकलेलं काहीच नव्हतं. परमुलखात नोकरीला आलेल्या आपल्या माणसांनी बंदरातल्या दोरखंडांच्या गोदामावर एक खोली घेतली आणि तिथे रविवारची उपासना सुरू केली, ते होतं. पुढे कंपनीनं टेकडीच्या पायथ्याशी जागा दिली, ते होतं. आधी पत्र्याचं छप्पर, मग कौलं. लढाईच्या काळात चर्च सरकारनं ताब्यात घेतलं आणि आत धान्याची पोती रचली, तेही होतं. चर्च अँग्लिकन असलं तरी येणारे सगळेच काही अँग्लिकन नव्हते. परक्या गावात आपल्या भाषेतली प्रार्थना कानावर पडते म्हणून इतर पंथांचेही येत, आणि एकदोघं तर नुसती चहाला येत. एवढंसुद्धा पाळकांनी गोड शब्दांत लिहिलं होतं.

"उंदीर का गाळलेत?" काकूंनी विचारलं.

"कुठले उंदीर, काकू?"

"पोत्यांबरोबर आलेले. लढाई संपली तरी ते गेले नाहीत. मी आले तेव्हासुद्धा फरशीच्या फटीतून एखादा यायचा, प्रवचन ऐकून जायचा."

"काकू, पुस्तिका बिशपसाहेबांना जायचीय."

"मग? बिशपसाहेबांनी उंदीर पाहिलेले नाहीत होय?"

पाळक हसले. काकूही हसल्या. पण त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच. इतिहासात गोदाम होतं, पोती होती, एकूणएक पाळक होते. फक्त काका नव्हते आणि तिसऱ्या ओळीचा सूर नव्हता. पण तसं म्हणायचं कोणत्या तोंडानं? आमच्या ह्यांनी घातलेल्या घोळाला इतिहासात जागा द्या, असं काही कुणी सांगत नाही.

तो घोळ असा.

काकू लग्न होऊन त्या गावी आल्या तेव्हा त्या काकू नव्हत्या, सगळ्यांच्या वहिनी होत्या. काका बंदरातल्या क्रेनवर इंजिनिअर. उंच, मोकळेढाकळे, आणि 'त्यात काय एवढं' हे वाक्य कायम ओठांवर. वहिनींना माहेरी ऑर्गन शिकवला होता हे कळताच मंडळींनी त्यांना सामान सोडायलाही उसंत दिली नाही. आधीच्या वाजवणाऱ्या बाई बदलीच्या गावी निघून गेल्या होत्या. आल्या आठवड्यातच वहिनी स्टुलावर.

ऑर्गन लहानसाच होता. समोर धातूच्या नळ्यांची एक रांग, प्रत्येक पट्टीची एक नळी. त्यातली वरच्या सुराची एक नळी फटीतून सूं सूं करायची. वहिनींनी घरी सहज तक्रार केली, आणि काका म्हणाले, "त्यात काय एवढं? अर्ध्या तासाचं काम."

शनिवारी ते नळी उपसून कामावर घेऊन गेले. फट बुजवायची म्हणून त्यांनी तिला क्रेनच्या पोलादाला लावतात ती ज्योत लावली. नळी पोलादाची नव्हती. शिसं आणि कथील यांचं मऊ मिश्रण ते. डोळ्यांदेखत नळी लोण्यासारखी वितळली आणि बाकावर एक वेडावाकडा गोळा उरला. तो गोळा रुमालात बांधून काका घरी आले आणि दारातच उभे राहिले. आपल्या नवऱ्याला शब्द सुचत नाहीत असं वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

आता दुसऱ्या दिवशी नेमकं निरोपाचं गीत होतं.

परमुलखातल्या चर्चची एक गंमत असते. तिथे कुणी मुरत नाही. तीन वर्षं, पाच वर्षं, की बदली. आज बारशाला जमलेली माणसं पुढच्या वर्षी चार दिशांना पांगलेली. म्हणून त्या चर्चमध्ये एक रिवाज पडला होता. जाणाऱ्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेच्या अखेरीला एक ठरलेलं गीत म्हणायचं. गीत सुरू झालं की जाणाऱ्यानं उठायचं, मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत जायचं आणि बाहेर पडायचं. त्यानं मागे बघायचं नाही, बाकीच्यांनी मान वळवायची नाही. रडारड, मिठ्या, पत्ते देणं-घेणं सगळं आदल्या दिवशी उरकायचं. रविवारी फक्त गाणं. त्या गीताच्या प्रत्येक कडव्यात तिसरी ओळ चढत चढत वर जायची आणि सगळ्यात वरच्या सुरावर रेंगाळायची. तो सूर नेमका त्या वितळलेल्या नळीचा.

त्या रविवारी जकातीतला एक साहेब बायकोमुलांसकट निघाला होता. वहिनींनी गीत सुरू केलं. तिसरी ओळ चढली, बोट मुक्या पट्टीवर पडलं, आणि खालचे सूर वाजत असताना वर एकदम भोक पडलं. मंडळींचाही आधार नव्हता, कारण वरचा सूर आला की निम्मी माणसं गीताच्या पुस्तकात तोंड खुपसत. आणि त्या भोकात पुढच्या बाकावरून काकांनी आपला आवाज सोडला. मोठा, उघडा आवाज, आणि जिथे लागायला हवा त्याहून किंचित उतरलेला. जकातीतला साहेब चालता चालता दचकला. कुठलंतरी पोर फिसकन हसलं. वहिनींचे कान तापले, मान खाली गेली.

"अहो, ओरडलात कशाला?" घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"सूर मी खाल्ला. मग तो मीच भरून द्यायला नको?" काका म्हणाले.

नवी नळी मायदेशाहून मागवायचं कमिटीनं ठरवलं. कमिटीनं ठरवलं म्हणजे ते काम होणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तोवर काका दर रविवारी, जिथे जिथे तो सूर येईल तिथे तिथे, आपला भार उचलत राहिले. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवरा चांगला, मनाचा मोठा, सगळं मान्य. पण भर चर्चमध्ये दर आठवड्याला हसं?

मग एका रविवारी मागच्या बाकावरून आणखी एक आवाज आला.

कंपनीतली टायपिस्टबाई होती ती. अंगानं काडी, बोलायला मुखदुर्बळ, उपासना संपली की चहालाही न थांबता सटकणारी. त्या दिवशी तिनं तिसऱ्या ओळीला काकांच्या बरोबरीनं तोंड उघडलं आणि तोच सूर लावला. तेवढाच मोठा आणि, हे महत्त्वाचं, तेवढाच उतरलेला. माना वळल्या. दोघंतिघं हसली. काकांचा चेहरा लाल झाला. वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नक्कल करत होती ती तुमची! दिसते गरीब गाय, पण आहे आतल्या गाठीची," त्या घरी म्हणाल्या. पुढच्या रविवारी काका सुराआधी जरासे अडखळले, मग त्यांनी गायलं, आणि मागून टायपिस्टबाईनं पुन्हा साथीला सूर लावला. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा अख्खा बाक म्हणू लागला. कुणाला गंमत वाटली, कुणाला बरं वाटलं, आणि वर्ष सरायच्या आत सगळं चर्च तिसऱ्या ओळीचा सूर छातीभर हवा घेऊन म्हणायला लागलं. काका तर पुढे पुढे त्याचा अभिमान मिरवायला लागले. वहिनींनी मात्र मनाशी खूणगाठ बांधली ती बांधलीच. हे सगळं त्या बयेनं सुरू केलं, आणि चेष्टा म्हणून सुरू केलं.

टायपिस्टबाईची बदली झाली तेव्हा तिचं निरोपाचं गीत वाजवायचं वहिनींच्याच नशिबी आलं. त्यांनी ते असं वाजवलं, असं वाजवलं, की बिचारीला जवळजवळ पळतच दार गाठावं लागलं. मंडळींची गाताना दमछाक झाली.

"आज कुणाची बोट चुकत होती का?" काकांनी नंतर विचारलं.

"चुकली तरी मला काय त्याचं?" वहिनी म्हणाल्या.

वर्षं गेली. वहिनींचे केस पिकले आणि त्या काकू झाल्या. माणसं येत राहिली, जात राहिली, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला काकूंनी वाजवून वाटेला लावलं. नवा आलेला माणूस पहिल्या रविवारी तिसऱ्या ओळीला दचकायचा, महिन्याभरात स्वतःच घसा ताणायचा. तिथे जन्मलेल्या पोरांना तर गीत असंच असतं असं वाटायचं. काकू आणि काका तेवढे राहिले. काकांच्या क्रेन बदलल्या, साहेब बदलले, ते मात्र त्याच गावात रिटायर झाले आणि थोड्याशा दुखण्यानं त्याच गावात गेले.

त्यांच्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे नको नको म्हणत असताना काकू ऑर्गनवर बसल्या. काकांच्या निरोपासाठी शेवटचं गीत तेच होतं. तिसरी ओळ चढायला लागली. आता ते भोक पडणार आणि ते भरायला कुणी नसणार. त्यांनी डोळे मिटून मुकी पट्टी दाबली. आणि साऱ्या चर्चनं तो सूर म्हटला. मोठा, उघडा आणि काकांसारखाच किंचित उतरलेला. काकू ढसाढसा रडल्या, पण त्यांची बोटं थांबली नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी काकूंना आपला नवरा ऐकू यायचा. दुसरं कुठेच नाही. फोटोत तो दिसायचा, पण फोटो बोलत नाही. कबरीच्या दगडाशी काकूंचं कधी जमलं नाही. चर्च बंद होणार हे कळलं तेव्हा त्यांना रडू आलं ते भिंतींसाठी नव्हे, की त्या गावात घालवलेल्या जन्मासाठीही नव्हे. आता हे कधीच ऐकू येणार नाही, या एकाच गोष्टीसाठी.

पण चर्च तरी कुणासाठी चालू ठेवायचं? मोठं बंदर दुसरीकडे हललं, कंपनीनं कचेरी गुंडाळली. मूठभर मंडळी उरली होती, त्यांतल्या निम्म्यांची तिकिटं निघाली होती. ऑर्गन दुसऱ्या गावच्या एका चर्चला द्यायचं ठरलं. शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी तो खोलून न्यायला एक कारागीर आला आणि आधी पाहणी करायला बसला.

"बाई, याच्यात एक नळी नाहीच," तो म्हणाला. "या मापाची माझ्याकडे आहे गाडीत. आत्ता बसवून देतो."

"नको," काकू म्हणाल्या. "उद्या दुपारनंतर बाजा तुमचा. मग बसवा."

"अहो, उद्याच्या कार्यक्रमाला नीट वाजेल की. तुटकंच ठेवायचंय का?"

"तुटकं नाही ते. जागा ठेवलीय," काकू म्हणाल्या. त्यानं खांदे उडवले आणि पुढचे स्क्रू बघायला लागला.

शेवटच्या रविवारी जाणारे सगळेच होते. काकूंनी गीत अगदी संथ धरलं. पहिल्या कडव्याला सगळे जागेवर होते आणि सूर छपरापर्यंत गेला. दुसऱ्या कडव्याला माणसं उठून चालायला लागली. गाणं त्यांच्याबरोबर दाराकडे गेलं, दारातून बाहेर गेलं. शेवटच्या कडव्याला आत फक्त पाळक होते, आणि देवानं पाळकांना सगळं दिलं होतं, गळा सोडून. तिसरी ओळ आली. काकूंनी मुकी पट्टी दाबली. त्यांनी स्वतः म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून काही निघेना. इतक्या वर्षांनी ते भोक त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं.

गीत संपवून त्यांनी झाकण लावलं. त्यांना वाजवून वाटेला लावायला कुणीच नव्हतं. आतल्या खोलीत टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून काकांनीच आणून ठेवलेला तो वितळलेला गोळा त्यांनी पर्समध्ये टाकला आणि त्या आपल्या आपण बाहेर पडल्या.

मायदेशी मुलाच्या घरी काकूंना काही कमी नव्हतं. खिडकीपाशी खुर्ची, सकाळी वेळच्या वेळी चहा, आणि सून तर लेकीसारखी. पण ज्याला आयुष्यभर घर म्हटलं त्या देशात काकूंना रस्ता ओलांडायला भीती वाटायची. वाण्याकडे गेल्या तर नाण्यांची ओळख पटेना. मुलगा चर्चच्या वाटेला जायचा नाही. लहानपणी चर्चमध्ये बापाच्या त्या ओरडण्यानं त्याची मान खाली जायची, त्यातला तो. सून मात्र दर रविवारी विचारायची.

"आई, कोपऱ्यावरच आहे चर्च. चला ना माझ्याबरोबर. ऑर्गन काय सुंदर आहे तिथला!"

"सुंदर असेल गं," काकू म्हणायच्या, "पण आज गुडघा दुखतोय."

गुडघ्याला काही झालं नव्हतं. सगळ्या नळ्या जागेवर असलेला ऑर्गन ऐकायची त्यांची छाती होत नव्हती. तिथे काकांना जागाच नसणार. असं करत हिवाळा गेला. शेवटी एका रविवारी सुनेनं हातात चपलाच आणून दिल्या आणि काकूंना नाही म्हणवेना.

चर्च मोठं होतं, ऑर्गन भिंतभर. काकू सुनेशेजारी टोकाला बसल्या आणि परीक्षेला आल्यासारख्या पर्स मांडीवर गच्च धरून राहिल्या. प्रार्थना झाली, प्रवचन झालं. शेवटचं गीत सुरू झालं आणि पहिल्या चार सुरांतच काकूंनी ते ओळखलं. इथे ते निरोपाचं वगैरे नव्हतं, आपलं एक साधं गीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तिसरी ओळ चढली. वरचा सूर ऑर्गननं वाजवला, शुद्ध, गोल, कुठेही भोक नाही.

आणि मागून डाव्या बाजूनं एक बाईचा आवाज उठला. मोठा, उघडा आणि किंचित उतरलेला.

काकूंच्या हातातलं गीताचं पुस्तक खाली पडलं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्रासिक चेहरा केला. "आई, काय झालं?" सून कुजबुजली. काकूंनी तिला हातानं थांबवलं. दुसरं कडवं आलं. तिसऱ्या ओळीला पुन्हा तोच आवाज, तेवढाच मोठा, पुढची ओळ सुरू होईपर्यंत न सोडलेला. काकूंना वाटलं, वळून पाहिलं तर हे संपेल. म्हणून त्या गीत पुरं होईस्तोवर वळल्या नाहीत.

मागे चाळिशीची एक बाई पिशवी गोळा करत होती. काकू तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, पण विचारायचं कसं तेच कळेना.

"तुम्ही... तिसऱ्या ओळीला..."

"माफ करा हं, आजी," ती बाई ओशाळून म्हणाली. "कानठळ्या बसल्या का? सवय आहे मला. आईनं लावलीय. इथले सगळे वैतागतात, पण तो सूर आला की तोंड आपोआप उघडतं."

"कुठे होती तुमची आई?"

"परदेशात. लग्नाआधी. एका बंदराच्या गावात टायपिस्ट होती. तिथे आपल्या लोकांचं छोटंसं चर्च होतं म्हणे."

काकूंना क्षणभर राग यायचीच सवय आठवली. ती बया! मग दुसराच विचार मनात आला आणि राग जागच्या जागी अडकून बसला. चेष्टा काय कुणी पोटच्या मुलीला शिकवतं?

"असं मोठ्यानं का म्हणायचं, ते सांगितलं का त्यांनी?"

"हो तर. तिथे एक गृहस्थ होते. ऑर्गनचा एक सूर बंद होता, तर ते दर रविवारी एकटेच तो ओरडून म्हणायचे. लोक हसायचे, आणि त्यांची बायको बाजावर मान खाली घालून बसायची. आईला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, माणसाला असं एकट्यानं ओरडायला लागू नये. म्हणून आपण पण म्हणायचं." ती हसली. "आता इथे कोण बसलंय एकटं? पण आईचा हुकूम आहे, तो सूर आला की म्हणायचाच."

काकू बाकावर मटकन बसल्या. सून घाबरून पाणी आणायला धावली.

"तुमची आई..." काकूंना पुढचं विचारवेना.

"आहे ना! गुडघे गेलेत, जिना उतरता येत नाही, म्हणून इथे येत नाही. गळा मात्र शाबूत आहे. पण तुम्हाला हो कसं..." बोलता बोलता त्या बाईनं काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी खांद्याला अडकवून ती म्हणाली, "चला, आईकडे जाऊ."

दोन गल्ल्या ओलांडून घर होतं. जिना चढताना काकू प्रत्येक वळणावर थांबल्या. सूनही थांबली. वर एका लहान खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत पायांवर शाल घेऊन टायपिस्टबाई बसली होती. अंग तसंच काडीसारखं. तिनं आधी मुलीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग काकूंकडे. काकूंकडे ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"वहिनी?" ती म्हणाली.

त्यांना वहिनी म्हणणारं माणूस आता जगात कुणी उरलेलं नाही, असं काकू धरून चालल्या होत्या. त्या जवळ गेल्या. बोलायचं काय ते जिन्यात ठरवलेलं सगळं विसरल्या आणि पर्समधला तो शिशाचा गोळा काढून त्यांनी टायपिस्टबाईच्या ओंजळीत ठेवला.

"हा काय?"

"नळी," काकू म्हणाल्या. "त्यांनी वितळवलेली."

टायपिस्टबाईनं तो गोळा हातात फिरवला, आणि एकदम खळखळून हसली. "अगंबाई! म्हणजे खरंच इतकी वाट लावली होती? आम्हाला वाटायचं, लोक तिखटमीठ लावून सांगतात!" मग तिनं हळू आवाजात विचारलं, "आहेत का ते?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. टायपिस्टबाईनं गोळा दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मला वाटायचं, तुम्ही त्यांची नक्कल करता," काकू म्हणाल्या. आता सांगायचं तर सगळंच. "म्हणून मी तुमच्यावर डूख धरून होते. तुम्ही त्यांच्यासारखाच उतरलेला सूर लावायचात ना. नुसती साथ द्यायची होती तर नीट सुरात म्हणायचं."

"मी नीट सुरात म्हटलं असतं, तर ते चुकीचे ठरले असते ना, वहिनी," टायपिस्टबाई म्हणाली.

आयुष्यभर स्वरांत बसलेल्या काकू, पण ही गोष्ट त्यांच्या मनातही आली नव्हती. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मुलीनं चहा आणून ठेवला.

"तुमच्या निरोपाला मी फार घाईघाईत वाजवलं. मुद्दाम."

"कळलं होतं मला. जहाजावर चढेपर्यंत धाप लागली होती." टायपिस्टबाई पुन्हा हसली. मग काहीतरी सुचल्यासारखी पुढे वाकली. "आणि तुम्हाला कुणी म्हटलं ते गीत?"

"मी शेवटची. बाजावर मीच होते. मला कोण म्हणणार?"

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

टायपिस्टबाई खुर्चीत सावरून बसली. "उठा," ती म्हणाली. "अशा तिथे भिंतीपाशी उभ्या राहा. आणि दाराकडे चालायला लागा. रिवाज आठवतोय ना? मागे बघायचं नाही."

"अहो, काहीतरीच काय..."

"चला म्हणते ना."

काकू भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. टायपिस्टबाईनं गीत धरलं. म्हातारा, कापरा आवाज, पण लय अगदी संथ. मुलगीही गायला लागली. काकू चालायला लागल्या. खोली ती केवढी, दार ते किती लांब, तरी त्यांनी एकेक पाऊल असं टाकलं की तिसरी ओळ त्यांना उंबऱ्याच्या अलीकडेच गाठेल. ओळ चढली. सुनेला काही माहीत नव्हतं, तिनं आपलं हात जोडले. आणि वरचा सूर आला. दोघी मायलेकींनी तो छातीभर हवा घेऊन म्हटला, मोठा, उघडा, किंचित उतरलेला, आणि सोडलाच नाही. काकूंनी डोळे मिटले. चर्च बंद झालं होतं, बाजा दुरुस्त होऊन दुसऱ्या गावी वाजत होता, आणि काका इथे होते, कुण्या परक्या घरात, जिन्याच्या तोंडाशी, त्यांच्या अगदी पाठीमागे. त्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी तोंड उघडलं, आणि या खेपेला घशातून सूर निघाला.

कडवं संपलं तेव्हा काकू उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"झालं का पोचून?" आतून टायपिस्टबाईनं हाक मारली. "मग आता या परत, वहिनी. चहा निवतोय."